साथीदारांची मशीद आणि आपली पाळ

बाबा, मी रागात आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढं कुठं माझा आवाज मऊ झाला असं वाटलं तर तो तुमचा गैरसमज समजा. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की गावात नव्यानं आलेल्या सुनांसाठी तुम्ही म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फौजी, एवढंच. त्या तुमच्या फोटोला नमस्कार करतात. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, असं आई मला कालपासून ऐकवते आहे. बोलू दे तिला. काल ग्रामसभेत मला भर गावासमोर उभं राहावं लागलं आणि जे तुमच्या तोंडून निघायला हवं होतं ते माझ्या तोंडून निघालं. तुम्ही मस्त सुटलात. निस्तरायला मी उरले.

गोष्ट तलावाची आहे, दुसरं काय असणार आपल्या घरात. पाळ, तलावाचा तो मातीचा बांध, रुंद करून तिच्यावरून सिमेंटचा रस्ता जाणार आहे आणि रस्त्याच्या तोंडाशी तलावाच्या नावाचा मोठा फलक लागणार आहे. सरपंच आता दादा आहे, तुमच्या भावाचा मुलगा. तुमच्याच मांडीवर वाढला, तुमच्यासारखाच छाती काढून चालतो आणि तुमच्यासारखंच दुसऱ्याचं बोलणं अर्ध्यात तोडतो. त्याला फलकावर तुमच्या पणज्याचं नाव हवं आहे, कारण तलाव त्यानं बांधला असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगून गेलात. आणि त्या रस्त्याच्या आड येतो तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मायचा, त्यांच्या देवीचा दगड. जिथून पाटाला पाणी सुटतं तिथंच पाळीवर शेंदूर फासलेला तो दगड आहे, तुम्हाला वेगळं सांगायला नको. दादाचा हिशेब सरळ होता. तलाव आपला, म्हणून पाळ आपली, म्हणून दगड उचलून पलीकडे मोहाच्या झाडाखाली ठेवायचा हक्कही आपला. ढिवर म्हणाले, मायले हात लावून दाखवा. आता तलाव नेमका कोणाचा हे सांगणार कोण? मग सगळ्यांना माझी आठवण झाली. 'बाई इतिहास शिकवते, तिले बापानं सारं सांगतलं हाये.' अर्जुनीच्या कॉलेजातून मला बोलावून घेतलं. दादा फोनवर म्हणाला, "तुले काही जास्त बोलाचं नाही. काका जे म्हणत होता तेच म्हणजो, बस."

काका काय म्हणत होता! तेच तर. काका दर वर्षी वेगळं म्हणत होता, हे या घरात मी सोडून कोणाच्या लक्षातच नाही.

हे सगळं आफ्रिकेतून सुरू झालं. तुम्ही शांतिसेनेची निळी टोपी घालून तिकडं गेलात, लाल समुद्राच्या काठी, मसावा नावाच्या बंदरावर ट्रक चालवायला. परत आलात ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सौंदडला गाडीतून उतरून, कोणाच्या तरी टेम्पोत बसून तुम्ही घरी आला आहात आणि अंघोळ करून चुलीजवळ पाटावर बसला आहात. आई लाखोळीची भाजी वाढते आहे. तुम्ही अर्धा अधिक भात संपवून मगच बोलायला लागता. तिकडं बंदराच्या आवारातच एक लहानशी मशीद आहे, म्हणता. पहाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्याला हिंदी सिनेमांमुळे चार शब्द हिंदी येत होते, त्याच्याशी तुमची दोस्ती झाली होती. मी दाराच्या चौकटीला टेकून ऐकते आहे.

"मी त्याले इचारलं, कोनं बांधली हे? तो हासला. म्हणे, नावेतून आलेल्या मानसायनं. पैगंबराचे साथीदार होते म्हणे ते. मक्केत त्यायले छळून राहिले होते, म्हणून समुद्र वलांडून आले. इकडचा राजा ईसाई, दुसऱ्या धर्माचा, पन त्यानं त्यायले जागा देल्ली. म्हणून हिचं नाव साथीदारायची मशीद. मी म्हणलो, याच त्या भिंती का गा? तं म्हणे, नाही, ह्या मागून बांधल्या. किती मागून ते नाही मालूम. ते इथंच उतरले का आनखी कुठं, तेबी नाही मालूम. लोक म्हणतात, म्हणून आमीबी म्हणतो."

आई म्हणाली, "मंग नाव त्यायचंच काऊन?"

तुम्ही घास हातातच धरून थोडा विचार केलात. "आसरा भेटला म्हणून असन. नाव मालकाचं नाही. आसऱ्याले आलेल्यायचं हाये." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणालात, "मले लय आवडलं ते." बाबा, तेव्हा तुम्ही मलाही फार आवडला होतात. जग पाहून आलेला माणूस आपल्या चुलीशी बसून 'माहीत नाही' म्हणतो आणि त्याचा त्याला कमीपणा वाटत नाही, हे मी त्याआधी कोणत्याच मोठ्या माणसात पाहिलं नव्हतं. त्याच दिवशी तुम्ही मला पांढरा, भोकाभोकांचा एक दगड दिलात. समुद्राच्या काठी पायाशी सापडला, पोवळ्याचा आहे, तिकडं घरंसुद्धा याचीच बांधतात, असं सांगितलंत. मी तो उशाशी घेऊन झोपत असे.

आणि मग तुम्ही नोकरी सोडून कायमचे घरी आलात, आणि सत्यानाश झाला. दिवाळीनंतरच्या जत्रेला, मंडईला, पाहुणे आले, दंडारीचा खेळ बघायला अंगणात खुर्च्या मांडल्या, आणि तुम्ही तीच गोष्ट पुन्हा सांगायला बसलात. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. या वेळी तो पहारेकरी कुठं दिसेना. 'लोक म्हणतात' हे शब्दही गेले. पुढच्या मंडईला 'ह्या भिंती मागून बांधल्या' हे गेलं. त्याच्या पुढच्या वेळी तर ती आफ्रिकेतली सगळ्यात पहिली मशीद झाली, साथीदारांनी स्वतःच्या हातानं रचलेली, आणि तुम्ही त्या भिंतीवर हात ठेवून आलेले. तुम्ही मला आतून तो पांढरा दगड आणायला सांगितलात आणि पाहुण्यांच्या हातात ठेवून म्हणालात, "हा तिथलाच, त्याच भिंतीचा." मी तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाही. पाहुणे दगड डोळ्यांना लावायला लागले. वा रे वा, बाबा! एका मशिदीची भिंत फोडून तुकडा खिशात घालणारा माणूस म्हणून स्वतःची ओळख करून दिलीत, आणि त्यात काही चुकतं आहे हे तुम्हाला कळलंसुद्धा नाही.

मला तेव्हा कारण कळत नव्हतं, आता कळतं. फौजेत तुम्हाला हुद्दा होता, कोणी सलाम करत होतं, कोणाला तुम्ही करत होतात. गावात आल्यावर तुम्ही भाताच्या चार बांध्यांचे धनी, तेही भावाबरोबर वाटून घेतलेल्या. इथं कोण विचारतं? म्हणून तुम्हाला असं काहीतरी पाहिजे होतं जे दुसऱ्या कोणाकडं नाही. आफ्रिका होती तोवर ठीक होतं. आफ्रिकेत कोण जाऊन बघणार होतं? पण तेवढ्यावर तुमचं भागलं नाही.

पहिल्या पाण्याचा नारळ. रोवणीच्या आधी पाटाला पहिलं पाणी सोडायच्या दिवशी दोन नारळ फुटायचे. पहिला ढिवरांची जाणती म्हातारी, बुढीमाय, मायच्या दगडावर फोडायची, दुसरा आपल्या घरचा माणूस पाणी सुटायच्या तोंडाशी. मग दार उचलायचं. पहिला त्यांचा का, दुसरा आपला का, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. तुमच्या बाबांनी नाही, त्यांच्याही बाबांनी नाही. तुम्ही आफ्रिकेला जायच्या आधी मीच एकदा पाळीवर तुम्हाला विचारलं होतं, आपला तलाव कोणी बांधला? तुम्ही बिडी विझवत म्हणाला होतात, "देव जाने. आपले बापजादे तलाव बांधत होते एवढं खरं. हाच बांधला का दुसरा, कोनाले मालूम?" हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

पाहुण्यांना तो दगड दाखवलात त्याच्या पुढच्या पावसाळ्यात, पाणी सोडायच्या दिवशी बुढीमायनं नारळ हातात घेतला आणि तुम्ही तिच्यापुढं आडवे हात केलेत. सगळं गाव पाळीवर होतं. "थांब बाई. आजपासून पहिला नारळ आमचा. तलाव माह्या पणज्यानं बांधला, मान त्याचा."

ती आधी हसलीच. तुम्ही लहानपणी तिच्याच डोंग्यात बसून कमळकाकड्या काढायला जायचा, तुम्हाला ती बाबू म्हणायची. "बाबू, तुह्या पणज्यानं बांधला, तं माती कोनं वाहली? आमी तवा का वरतून पडलो का?"

"तुमी मागून आले."

"कोनं सांगतलं तुले?"

आणि मग तुम्ही काढलीत ती मशीद. अख्ख्या गावासमोर, फौजी आवाजात. आफ्रिकेत मी पाहून आलो, ज्यांनी पहिल्यांदा बांधली त्यांचंच नाव तिला हजार वर्षं चाललं, मागून किती आले, किती गेले, कोणाचं नाव लागलं नाही, बांधणाऱ्याचाच मान असतो, साऱ्या जगाची रीत आहे. बाबा, मला अजून वाटतं की त्या क्षणी तुम्हाला लाज वाटायला हवी होती. छळ झाला म्हणून घरदार सोडून आलेल्या माणसांची ती गोष्ट. त्यांना जागा देणाऱ्या परक्या राजाची गोष्ट. तिचा तुम्ही काय उपयोग केलात? एका म्हातारीला तिच्या देवापुढून उठवायला. मी मध्येच म्हणाले, "बाबा, पण तुम्ही तर आईला सांगत होता की नाव आसऱ्याला आलेल्यांचं..." तुम्ही वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "मोठ्या मानसायच्या मंधात बोलाचं नाही! तुले काय समजते? जाय घरी!" मी घरी गेले. जाताना मागं वळून पाहिलं तर बुढीमाय आपला नारळ पदरात घेऊन पाळीवरून खाली उतरत होती आणि तुम्ही आपला फोडत होतात. लोकांनी मानलं. का मानणार नाहीत, तुम्ही जग पाहून आला होतात ना.

मी इतिहास घेतला तो तुमच्यामुळे नाही, तुमच्यावर उलटायला घेतला. कॉलेजात होते तेव्हा पहिल्याच सुट्टीत मी त्या मशिदीबद्दल मिळेल ते वाचून घरी आले आणि जेवताना तुम्हाला सांगितलं. आज उभी आहे ती इमारत त्या काळातली नसावी, असं जाणकार म्हणतात, कारण तिच्यात जी बांधणीची लक्षणं आहेत ती पुष्कळ नंतर सुरू झाली. साथीदार नक्की कुठं उतरले याचा पुरावा नाही. पहिलेपणाचा मान आफ्रिकेतल्या आणखीही जागा सांगतात. 'साथीदारांची' हे नाव कधी पडलं, कोणी ठेवलं, हेही सांगता येत नाही. परंपरा जुनी आहे आणि लोकांची श्रद्धा खरी आहे, इतकंच म्हणता येतं. म्हणजे तुमचा तो पहारेकरी अक्षर न् अक्षर बरोबर बोलत होता. मला वाटलं होतं, त्याचं नाव काढलं की तुम्ही विरघळाल. तुम्ही ताटावरून उठलात. हात धुता धुता म्हणालात, "चार बुकं वाचली का बापाले खोटं पाडाले लागली." त्यानंतर आपण दोघं नीट असं बोललोच नाही. तुम्ही आजारी पडलात, नागपूरला दाखवलं, परत आणलं, तेव्हाही आपलं बोलणं औषध घेतलं का, चादर देऊ का, यापलीकडं गेलं नाही.

तर कालची सभा. पंचायतीच्या आवारात मांडव घातला होता. ढिवर एका बाजूला उभे, आपले लोक खुर्च्यांवर. दादानं आधी तुमच्या फौजेचं, मग पणज्याचं कौतुक केलं आणि मला म्हणाला, "बोल बाई. काकानं तुले तलावाचं काय सांगतलं होतं?"

मी उठले. म्हणाले, "तलाव कोणी बांधला ते मला माहीत नाही. माझ्या बाबांनाही माहीत नव्हतं."

अरे बापरे, काय गलका झाला! कोणी मागून ओरडलं, बापाचं नाव बुडवलं पोट्टीनं. दादा लालबुंद. "मंग तुले शिकवलं कायले? इतिहासाची मास्तरीन अन् माहीत नाही म्हणते!" मी म्हणाले, "शिकले म्हणूनच म्हणते. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायला शिकले." आणि मग मी ती मशीद सांगितली. तुमची मंडईतली नाही, चुलीजवळची. पहारेकऱ्यासकट सांगितली, 'लोक म्हणतात' सकट सांगितली. म्हणाले, बाबा ज्या गोष्टीच्या जोरावर या पाळीवर बोलले ती गोष्टच मुळात उलटी आहे. तिथं कोण पहिलं हे कोणी छातीठोक सांगत नाही, आणि जे नाव लागलं आहे ते आसऱ्याला आलेल्यांचं आहे. इथं पाळीवर मालक कोण आणि पाहुणा कोण, मला ठाऊक नाही. तुम्हाला कोणाला ठाऊक असेल तर उठून सांगा. आपल्याच भावकीतले एक म्हातारे उठले आणि म्हणाले की बांधला कोणी ते मलाही ठाऊक नाही, पण माझ्या लहानपणापासून पहिला नारळ ढिवरांचाच होता, हे मात्र मी पाहिलेलं आहे. मग हात वर झाले. फलकावर नुसतं गावाचं नाव आणि तलाव, एवढंच लागेल. रस्ता दगडाला वळसा घालून जाईल. दादा माझ्याशी बोलायचा बंद झाला आहे. आईनं काल रात्री मला वाढलं, पण माझ्याकडं न पाहता.

सभा सुटल्यावर ऊन उतरलं तशी मी पाळीवर गेले. बुढीमाय दगडाजवळ पाय पसरून बसली होती. आता तिला दिसत नाही फारसं, पण पावलं ओळखते.

"कायले आली? तुहे आभार मानू का?"

"नाही."

"मानतबी नाही. आमचं होतं ते आमच्याजवळ राहिलं, त्यात तू काय देल्लं?" मी तिच्या शेजारी बसले. खरंच होतं. मग ती म्हणाली, "तुह्या बापाले नव्हतं मालूम, हे तू अंदाजानं बोलली. मले तं त्यानं सोता सांगतलं होतं."

मला वाटलं, म्हातारीचं वय झालं. पण ती सांगत गेली. "नागपूरच्या दवाखान्यातून आनला, त्याच्या बादची गोष्ट. सकारीच काठी टेकत आला, इथं बसला. घामानं ओला. म्हणे, बाई, मले नाही मालूम तलाव कोनं बांधला. तिकडल्या मशिदीचंबी नाही मालूम. बोलता बोलता बोलून बसलो, लोकायनं मानलं, आता मांगं घ्याले जीभ उचलत नाही. मी म्हणलं, मंग बोलू नको, नारळ फोड. मीच आनून देल्ला त्याले. हातात जोर नव्हता, दोनदा आपटला तवा फुटला. लय रडला मंग."

"तुम्ही मला कधी बोलल्या नाहीत."

"तो म्हणला, पोरीले सांगजो नोको. तिच्या नजरेतून उतरन. आता तू सोताहून सभेत बोलली, मंग लपवू कायले?"

तिच्या नजरेतून उतरीन! बाबा, तुम्हाला खरंच वाटत होतं की तुम्ही तिथं अजून चढून बसलेले आहात? ज्या दिवशी तुम्ही मला पाळीवरून घरी हाकललंत त्याच दिवशी उतरला होतात. आणि वर चढायची एकच वाट होती, ती तुम्हाला सापडलीसुद्धा, आणि तुम्ही ती बुढीमायपाशी जाऊन चाललात. तिच्यापुढं बोललात ते बरोबरच केलंत, अपराध तुम्ही तिचाच केला होतात. पण घरात एक पोरगी तेच चार शब्द ऐकायला बसली होती. ते तिच्या कानावर पडले असते तर ती तुमच्याशी भांडली नसती, तुमच्या उशाशी बसली असती. तुम्ही त्या पोरीला भ्यालात. फौजी म्हणे!

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, तुमच्या फोटोमागं खोचण्यासारखी नाटकंही करणार नाही. कॉलेजच्या कागदांत पडून राहील. फक्त एक कबूल करायचं आहे. बुढीमाय बोलत होती तेव्हा तलाव, फलक, मशीद यांतलं काहीच माझ्या डोक्यात नव्हतं. मला तिचा हेवा वाटत होता. ती सकाळ मला आठवत होती, बाबा. तुम्ही काठी घेऊन अंगणात उतरलात तेव्हा मी तिथंच भांडी घासत होते. मला वाटलं, तुम्ही पाय मोकळे करायला निघालात. मी हात धुऊन उठले होते, विचारलंही होतं, सोबत येऊ का म्हणून. तुम्ही नको म्हणालात.